हजार वर्षांच्या अंतरानेही चिनी वास्तू एकसारख्या का भासतात?

प्रश्न : ओसरी

नमस्कार. चीनमधील राजवटींचा इतिहास वाचताना तेथील जुन्या इमारतींची छायाचित्रे आणि आराखडे मी गेले काही महिने सातत्याने पाहत आहे, आणि एक शंका काही केल्या मनातून जात नाही. शान्शी प्रांतातल्या वुताई पर्वतावरील फोग्वांग विहाराचे पूर्व दालन तांग राजवटीत, इ. स. ८५७ मध्ये बांधले गेले. बीजिंगच्या राजवाड्यातील ताइहे सभागृह आज ज्या रूपात उभे आहे, ते छिंग राजवटीत १६९५ मध्ये घडले. दोहोंमध्ये आठशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. एक बौद्ध विहार आहे, तर दुसरे सम्राटाच्या सिंहासनाचे दालन. तरीही जोते, त्यावर लाकडी खांबांच्या रांगा आणि त्यांवर खूप पुढे आलेल्या वळचणीचे, कोपऱ्यांत वर उचललेले कौलारू छप्पर, ही मांडणी दोन्हीकडे तीच आहे. इतक्या दीर्घ काळात रचनेत काहीच घडले नाही, असे समजायचे का?

दुसरी शंका पहिलीशी जोडलेलीच आहे. हबेई प्रांतातला अनची पूल सुई राजवटीत, सुमारे ६०५ मध्ये, ली छुन या कारागिराने बांधला. सदतीस मीटरांची एकच सपाट कमान, आणि पुराचे पाणी जावे व पुलाचे वजनही घटावे म्हणून तिच्या दोन्ही खांद्यांवर ठेवलेल्या लहान कमानी! दगडावर इतका हात बसलेल्या समाजाने आपले राजवाडे मात्र एका ठिणगीने भस्मसात होणाऱ्या लाकडात का बांधावेत? जाणकारांनी सविस्तर लिहिले तर फार उपकार होतील.

उत्तर : कुसू

आपण निवडलेली जोडी उत्तम आहे, कारण या दोन इमारतींत जितका फरक आहे तितका क्वचितच कोठे सापडेल. मी लाकूडकामातला माणूस असल्यामुळे इमारत पाहताना माझी नजर आधी सांध्यांकडे जाते. आपणही छपराची बाह्यरेषा क्षणभर बाजूला ठेवा आणि खांबाचा माथा व वळचण यांच्यामध्ये काय आहे, तेवढेच पाहा.

तेथे जी रचना असते तिला चिनी भाषेत दोउगोंग म्हणतात. खांबाच्या माथ्यावर एक चौकोनी लाकडी ठोकळा बसवलेला असतो. त्याच्या वरच्या अंगाला फुलीच्या आकाराची खाच असते. त्या खाचेत दोन आडवे हात एकमेकांना छेदून बसतात, एक भिंतीच्या दिशेने जाणारा आणि दुसरा बाहेर रस्त्याकडे झेपावणारा. हातांच्या टोकांवर पुन्हा लहान ठोकळे आणि त्या ठोकळ्यांवर आणखी लांब हात, असे थर चढत जातात आणि प्रत्येक थराबरोबर रचना थोडी थोडी बाहेर सरकते. वळचणीचा भार या पायऱ्यांवरून उतरत खांबाच्या मध्यावर येऊन पोहोचतो. फोग्वांगच्या दालनात या रचनेची उंची खांबाच्या उंचीच्या जवळजवळ निम्मी आहे. तिच्यातून जाड तिरप्या तुळया बाहेर आलेल्या दिसतात. त्या शोभेच्या नाहीत, त्या तरफा आहेत: बाहेरचे टोक वळचण उचलून धरते आणि आतले टोक छपराच्याच वजनाने खाली दाबलेले राहते. छप्पर स्वतःच्या भाराने स्वतःलाच तोलते. मी त्या दालनासमोर उभा राहिलो, तेव्हा वर पाहता पाहता मान अवघडून गेली होती, कारण एकेका हाताची जाडी पाहूनच कळत होते की यातला एकही तुकडा काढला, तर वळचण खाली येईल.

आता ताइहे सभागृहाकडे या. तेथेही दोउगोंग आहेत, पण ते इमारतीच्या मानाने अगदी लहान आहेत आणि फार दाटीने बसवलेले आहेत. तांग काळात दोन खांबांमध्ये असा एखादाच संच असे, मिंग-छिंग काळात (चौदाव्या शतकापासून पुढे) मधल्या जागेत सात-आठ संच येऊ लागले. भार आता मुख्यतः तुळयाच थेट खांबांवर उतरवतात, आणि रंगवलेल्या दोउगोंगांची ती रांग वळचणीखालच्या नक्षीदार पट्ट्यासारखी दिसते. म्हणजे बाह्यरेषा कायम राहिली, पण तिच्या आत भार वाहण्याची पद्धत पार बदलून गेली.

या दोन टोकांच्या मधोमध एक ग्रंथ आहे, आणि त्याच्याविषयी लिहिल्यावाचून मला राहवत नाही. सोंग राजवटीत ली च्ये या बांधकाम खात्याच्या अधिकाऱ्याने ‘यिंगचाओ फाशी’ हे बांधकामाचे नियमपुस्तक ११०० मध्ये पूर्ण केले आणि ११०३ मध्ये ते छापून प्रसृत झाले. आधीची संहिता अपुरी ठरल्यामुळे १०९७ मध्ये हे काम त्याच्याकडे आले होते. सरकारी बांधकामांतील उधळपट्टी आणि चोरी रोखणे, हा त्यामागचा उघड हेतू होता. त्याने लाकडाच्या छेदाच्या आठ प्रती, म्हणजे दर्जे, ठरवून दिल्या. पहिल्या प्रतीचा छेद नऊ त्सुन उंच व सहा रुंद, आठव्या प्रतीचा साडेचार उंच व तीन रुंद (त्सुन म्हणजे तेथील फुटाचा दहावा भाग). कोणत्याही प्रतीत उंचीचे पंधरा भाग आणि रुंदीचे दहा, हे प्रमाण ढळत नाही. नऊ ते अकरा खणांचे भव्य दालन असेल तर पहिली प्रत, आणि छताखालचा नाजूक घुमटाकार कोनाडा असेल तर आठवी. एकदा प्रत ठरली की दोउगोंगचे हात, तुळया, खांबाची जाडी, सारे त्या छेदाच्या भागांत सांगता येते. सुताराला प्रत्येक इमारतीसाठी नव्याने हिशेब मांडावा लागत नव्हता.

त्याच ग्रंथात मजुरीचेही कोष्टक आहे, आणि त्यात दिवसाची लांबी गृहीत धरलेली आहे. वसंतातला आणि शरदातला दिवस प्रमाण मानून उन्हाळ्याच्या लांब दिवसात दशांश काम अधिक आणि हिवाळ्याच्या आखूड दिवसात दशांश कमी अपेक्षित धरले आहे. थंडीतल्या मजुराकडून उन्हाळ्याइतके काम मागू नये, हे नियमात लिहून ठेवणारा अधिकारी मला फार जवळचा वाटतो.

लिआंग सिचेंग या थोर अभ्यासकाने पुढे या सगळ्या वाटचालीचे तीन टप्पे मानले: सुमारे १०५० पर्यंत जोमाचा, मग सुमारे १४०० पर्यंत लालित्याचा आणि त्यानंतर ताठरपणाचा. माझे मत त्यांच्याच बाजूचे आहे. ताइहे सभागृह भव्य आहे, पण लाकडाची बुद्धी पाहायची असेल तर फोग्वांगलाच जावे लागते.

उत्तर : मध्यरेषा

कुसू यांचे विवेचन मनापासून आवडले, परंतु शेवटच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. सांधा हेच परिमाण धरले, तर मिंग आणि छिंग काळ उतरणीचा दिसणारच. मात्र त्या काळातील रचनाकारांचे कौशल्य एका इमारतीत शोधणे हीच मला चूक वाटते, कारण त्यांची कृती म्हणजे इमारत नव्हे, तर इमारतींमधली मोकळी जागा होय.

बीजिंगच्या राजवाड्यात दक्षिणेकडून शिरण्याचा क्रम डोळ्यांसमोर आणा. थ्येनआनमनच्या तांबड्या दरवाज्यातून आत गेलो की पुढे दुसरा दरवाजा, त्यानंतर लांबट, अरुंद चौक आणि त्याच्या टोकाशी तिन्ही बाजूंनी अंगावर येणारा, सुमारे अडतीस मीटर उंचीचा मध्यान्ह दरवाजा. त्याच्या अंधाऱ्या बोगद्यातून बाहेर पडताच रुंद चौक उघडतो, त्यातून धनुष्यासारखा वळलेला पाण्याचा प्रवाह आणि त्यावर संगमरवराचे पाच पूल. त्यापलीकडे आणखी एक दरवाजा, आणि तो ओलांडला की ज्यात एकही झाड नाही असे प्रचंड प्रांगण. त्याच्या टोकाला तीन थरांच्या, सुमारे आठ मीटर उंच पांढऱ्या जोत्यावर ताइहे सभागृह. जोत्यासह त्याची उंची सुमारे पस्तीसच मीटर आहे. म्हणजे सभागृह मध्यान्ह दरवाज्यापेक्षाही ठेंगणे आहे, आणि तरीही तेथवर पोहोचलेल्या माणसाला ते त्याहून मोठे भासते. हा परिणाम खांबांनी साधलेला नाही. तो अरुंद आणि रुंद, अंधार आणि उजेड, बंद आणि खुले यांच्या क्रमाने साधलेला आहे. चालत गेल्याशिवाय ही वास्तू कळत नाही, आणि म्हणूनच छायाचित्रांत सगळ्या इमारती सारख्या दिसतात.

आता सारखेपणाविषयी. येथील वास्तूचा मूळ घटक ‘च्येन’ आहे. आपण मराठीत ज्याला खण म्हणतो, तोच: चार खांबांमधली जागा. घर, कचेरी, विहार, राजवाडा, सगळे खणांतच मोजले जाते आणि सगळे चौकाभोवती मांडले जाते. त्यामुळे एका उपयोगाची इमारत दुसऱ्या उपयोगाला सहज लागते. उत्तर वेई राजवटीत लुओयांगच्या श्रीमंतांनी आपली राहती घरे विहारांसाठी दान केली, ती या सोयीमुळेच. बीजिंगचा योंगहे प्रासाद हा तर जिवंत दाखला आहे. तो मुळात राजपुत्राचा वाडा होता. तो राजपुत्र पुढे योंगचेंग सम्राट झाला, आणि १७४४ मध्ये त्याच्या मुलाने, च्येनलोंग सम्राटाने, त्याच वास्तूचा तिबेटी परंपरेचा बौद्ध मठ केला. मठासाठी निराळी वास्तुशैली शोधण्याची गरज कोणालाच भासली नाही.

फरक दाखवायचा असे तो उपयोगाचा नव्हे, तर दर्जाचा; आणि तो दाखवण्याचे नियम अतिशय काटेकोर होते. मिंग राजवटीच्या १३९३ च्या आदेशानुसार सामान्य माणसाच्या घराला तीन खणांपलीकडे जाण्याची परवानगी नव्हती, दोउगोंग बसवण्याची नव्हती आणि रंगकामाचीही नव्हती. कुसू ज्या लाकडी हातांविषयी इतक्या आत्मीयतेने लिहितात, ते हात शेतकऱ्याच्या घराला कायद्यानेच नाकारलेले होते, हेही या वास्तुपरंपरेचे एक अंग आहे आणि ते विसरून चालणार नाही. छपरांचीही उतरंड होती: चारही बाजूंना उतरणारे दुहेरी वळचणीचे पाखे सर्वांत वरच्या दर्जाचे, भिंतीलाच येऊन थांबणारे दोन साधे पाखे सर्वांत खालचे. कोपऱ्याच्या कण्यावर बसवलेल्या मातीच्या प्राण्यांची संख्यासुद्धा ठरलेली असे. ताइहे सभागृहावर ते दहा आहेत, आणि तो मान दुसऱ्या कोणत्याही इमारतीला नाही. पिवळी झिलई दिलेली कौले सम्राटाची. त्याच राजवाड्यातल्या ग्रंथालयावर, वेनयुआन मंडपावर, मात्र काळी कौले आहेत. चिनी पंचतत्त्वांच्या विचारात काळा रंग पाण्याचा, आणि पाणी आगीला आवरते, म्हणून ग्रंथांच्या डोक्यावर तो रंग ठेवला. हे नियम वाचता येणाऱ्या माणसाला दुरूनच कळे की समोरची इमारत कोणाची आहे.

उत्तर : भट्टीची वीट

दगडाच्या शंकेकडे अजून कोणी वळलेले नाही, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

वीट आणि दगड यांचे ज्ञान नव्हते, हा समज टिकत नाही. हनान प्रांतातल्या सोंग पर्वतावरील सोंगयुए विहाराचा विटांचा मनोरा ५२३ मधला आहे. याहून बोलका दाखला अकराव्या शतकाच्या मध्याचा. हबेईतल्या दिंगचौ येथे सोंग राजवटीने १०५५ मध्ये चौऱ्याऐंशी मीटर उंचीचा विटांचा मनोरा पूर्ण केला. तो होता विहाराचा, परंतु उत्तरेच्या ल्याओ राज्याच्या सैन्यावर नजर ठेवण्यासाठी त्याचा उपयोग होई. लगेच पुढच्या वर्षी, १०५६ मध्ये, त्याच ल्याओ राज्यात यिंगश्यान येथे सुमारे सदुसष्ट मीटर उंचीचा संपूर्ण लाकडी सांगाड्याचा मनोरा उभा राहिला. त्यात चौपन्न प्रकारचे दोउगोंग आहेत आणि बाहेरून दिसणाऱ्या पाच मजल्यांच्या आत आणखी चार लपलेले मजले आहेत. दोन शेजारी, परस्परांचे वैरी. दोघांच्या हाती दोन्ही विद्या होत्या. तो लाकडी मनोरा आज एका अंगाला झुकलेला आहे आणि त्याला सावरावे कसे, हा तज्ज्ञांपुढचा गंभीर प्रश्न आहे.

कमान आणि विटांचे छत यांची मुख्य जागा जमिनीखाली होती. हान काळापासून थडगी विटांच्या कमानींनी बांधली जात. मिंग सम्राट वानली याची भूमिगत समाधी पूर्णपणे दगडी कमानींची आहे. तिच्यापासून काही अंतरावर, बीजिंगचा राजवाडा उभारणाऱ्या योंगल सम्राटाच्या समाधीपुढचे दालन आहे, आणि तेथे मीटरभर जाडीच्या अखंड नानमू लाकडाच्या खांबांची रांगच्या रांग उभी आहे. जमिनीखाली मृतासाठी दगड आणि जमिनीवर जिवंत माणसांच्या विधींसाठी लाकूड. या विभागणीला अपवाद आहेत, जसे नानजिंगच्या लिंगगु विहारातले १३८१ चे विटांचे तुळईविरहित दालन, पण ते मोजकेच. लाकूड वाढते, ते सजीव आहे, ही भावना या निवडीमागे होती असे मला वाटते.

त्यावाचूनही एक व्यावहारिक कारण होते, ते वेगाचे. बीजिंगच्या राजवाड्यासाठी सामग्री गोळा करण्याचा आदेश १४०६ मध्ये निघाला आणि अनेक वर्षे नुसती लाकडे, विटा आणि दगड येत राहिले, परंतु प्रत्यक्ष उभारणीचे मुख्य काम १४१७ ते १४२० एवढ्याच काळात झाले. ठरीव मापांचे तुकडे अनेक ठिकाणी एकाच वेळी तासता येतात आणि जागेवर नुसते जुळवायचे असतात. एका सम्राटाच्या हयातीत राजधानी उभी करायची, तर दगडाने हे साधले नसते.

किंमत मात्र मोजावी लागली. १४२० मध्ये पुरे झालेली तिन्ही मुख्य सभागृहे पुढच्याच वर्षी विजेने लागलेल्या आगीत जळाली. नंतर १५५७, १५९७ आणि १६७९ मध्येही ताइहे सभागृह जळाले. प्रत्येक वेळी ते त्याच जोत्यावर पुन्हा उभे राहिले. मूळ लाकूड टिकले पाहिजे, असा आग्रह तेथे नव्हता. स्थान, मान आणि विधी टिकले की वास्तू टिकली, असे मानले जाई.

प्रश्नकर्ता : ओसरी

तिघांचेही मनःपूर्वक आभार. आपली पहिली शंका किती वरवरची होती, हे आता लक्षात आले. दोनच गोष्टी आणखी विचारतो. छपराचा तो बाक कसा साधतात, लाकूड वाकवून का? आणि या इमारतींत लोखंडाचा एकही खिळा नसतो, असे सर्वत्र वाचायला मिळते, ते खरे आहे का?

उत्तर : कुसू

लाकूड वाकवत नाहीत. वासे सरळच असतात, पण आढ्यापासून वळचणीपर्यंत एकच लांब वासा न टाकता एका आडव्या तुळईपासून दुसरीपर्यंत असे आखूड वासे टाकतात. तुळया कोणत्या उंचीवर ठेवायच्या, यात सगळी मेख आहे. आढ्याजवळचा टप्पा तीव्र उताराचा, त्याखालचा थोडा सौम्य, वळचणीचा सर्वांत सौम्य. असे सरळ तुकडे जोडले, वर फळ्या आणि मातीचा थर देऊन कौले बसवली की डोळ्याला अखंड बाक दिसतो. तुळयांच्या उंची टप्प्याटप्प्याने कशा उतरवायच्या, याची कृती ली च्येच्या ग्रंथात दिलेली आहे.

खिळ्यांची गोष्ट अर्धी खरी आहे. खांब, तुळया आणि दोउगोंग यांचे सांधे खाच आणि कुसू (खाचेत बसणारे लाकडाचे टोक) यांवरच टिकतात. खांब तर दगडी पायावर नुसते टेकलेले असतात आणि भिंती फक्त आडोसा करतात. भिंत पडली तरी घर पडत नाही, अशी तेथे म्हणच आहे. जिश्यान येथील दुले विहाराचा ९८४ मधला ग्वानयिन मंडप १९७६ चा तांगशानचा भीषण भूकंप सोसून उभा राहिला, तो या मोकळ्या सांध्यांमुळेच. मात्र वासे तुळयांना लोखंडी खिळ्यांनीच ठोकलेले असतात आणि वळचणीकाठची कौलेसुद्धा खिळ्यांनी अडकवलेली असतात. छिंग काळात तर थोर लाकूड मिळेनासे झाल्यामुळे लहान लाकडे एकत्र जुळवून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून, वरून तागाचा आणि गिलाव्याचा थर देऊन मोठे खांब घडवले जाऊ लागले.

हे लिहिताना मध्यरेषा यांच्या आक्षेपाचा पुन्हा विचार केला. १६९५ मध्ये ताइहे सभागृह पुन्हा बांधायचे ठरले, तेव्हा मिंग काळासारखे नानमूचे वृक्ष उपलब्ध नव्हते आणि पाइन लाकडावर भागवावे लागले. लिआंग च्यू नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या सुताराने आधी त्या सभागृहाची एकदशांश मापाची लाकडी प्रतिकृती केली, फुटाच्या जागी त्सुन धरून, आणि तिच्यावरून मापे घेऊन कारागिरांनी इमारत उभारली. त्या परिस्थितीत त्या वृद्धाने जे केले, त्याला केवळ ताठरपणा म्हणताना मी घाई केली, एवढे मान्य करतो. फोग्वांगविषयीचे माझे मत मात्र कायम आहे.

एक आठवण फोग्वांगचीच. लिआंग सिचेंग आणि त्यांच्या पत्नी लिन हुइयिन १९३७ च्या उन्हाळ्यात खेचरांवरून तेथे पोहोचले, तेव्हा ते दालन किती जुने आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. छताच्या वरच्या अंधाऱ्या पोकळीत वटवाघळांच्या आणि ढेकणांच्या गर्दीत मापे घेण्याचे काम चालू असताना लिन यांना खालून एका तुळईवर शाईची पुसट अक्षरे दिसली. तुळई धुऊन काढायला, अक्षरे वाचायला काही दिवस लागले. त्यांत निंग गोंगयू या दात्या स्त्रीचे नाव होते, आणि दालनासमोरच्या शिलास्तंभावर तेच नाव ८५७ या वर्षासह कोरलेले होते. मापे घेऊन जे वय अंदाजाने बांधले जात होते, ते अशा रीतीने वर्षापर्यंत निश्चित झाले. ती अक्षरे ज्या तुळईवर आहेत, ती तुळई अजून तोच भार वाहत आहे.